हाताने विणलेला गालिचा घ्यायचाय? आधी उलटा करून बघा

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, जिकडं बघावं तिकडं नवीन फ्लॅट झालेत आणि हॉल सजवायची वेळ आली की सोफा, टीव्ही युनिट, पडदे हे सगळं ठरतं आणि मग कुणीतरी म्हणतं खाली एक चांगला गालिचा पाहिजे, तो पर्शियन टाइप असतो ना तसला. मग ऑनलाइन बघितलं की तीन हजारापासून तीन लाखापर्यंत सगळंच "हँडमेड पर्शियन" म्हणून दिसतंय आणि डोकं फिरतं. तर ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानदाराकडून विकत घेताना काय बघायचं, काय विचारायचं, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाधुळीत तो टिकवायचा कसा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपण सोलापूरकर या बाबतीत नशीबवान आहोत, कारण माग काय असतो, ताणा-बाणा म्हणजे उभे-आडवे धागे काय असतात हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. शहराच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत ज्याचं बालपण गेलं त्याला तर झोपेत पण मागाचा आवाज ओळखू येतो. चादर घेताना आपल्या आयाबाया ती उलटी करून दुसऱ्या बाजूची डिझाइन बघतात, किनार बघतात, दोन बोटात धरून वीण बघतात. गालिचा सुद्धा असाच घ्यायचा, पाठीवरून. समोरची बाजू कुणीही छान करू शकतो, पाठीवर मात्र हाताचं काम आहे की मशीनचं ते लपत नाही.

बाजारात चार प्रकार मिळतात आणि चारही एकाच नावाने विकतात, गोंधळ इथंच होतो. पहिला म्हणजे गाठीचा, हँड नॉटेड. यात उभ्या मागावर ताणा लावलेला असतो आणि विणकर त्या ताण्याच्या दोन दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतो, गाठ मारली की धागा कापतो, एक ओळ झाली की बाणा टाकून पंजाने, म्हणजे फणीसारख्या हत्याराने, ठोकून घट्ट करतो. खरा गालिचा म्हणतात तो हाच. दुसरा टफ्टेड. याच्यात गाठ नसतेच. ताणलेल्या कापडावर डिझाइन छापून घेतात आणि हातातल्या गनने लोकर आरपार टोचत जातात, मग मागून लॅटेक्सचा गोंद लावून त्यावर दुसरं कापड चिकटवतात. गन माणसाच्या हातात असते म्हणून याला पण कायदेशीर "हँडमेड" म्हणता येतं, आणि नेमकं इथंच बरेच लोक फसतात. तिसरा प्रकार सपाट विणीचा, म्हणजे दरी, सतरंजी, किलीम, याला लव, म्हणजे वर उभी राहणारी धाग्यांची टोकं, नसते. चौथा सरळ मशीनचा, बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या धाग्याचा, हा चार हात लांबून अगदी पर्शियन दिसतो.

आता ओळखायचं कसं. गालिच्याचा कोपरा उचला आणि पाठ बघा. गाठीचा असेल तर पुढची सगळी डिझाइन पाठीवर तशीच्या तशी स्पष्ट दिसते, फूल न फूल, आणि जवळून बघितलं की बारीक बारीक गाठींचे टिपके दिसतात, थोडे कमी जास्त, ओळ एखाद्या ठिकाणी किंचित वाकडी. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, पुढं विचारायची गरजच नाही. पाठीवर डिझाइन दिसतेय पण सगळे टिपके एकदम एकसारखे, कडक, काही ठिकाणी प्लॅस्टिकसारखी चमक, तर मशीनचा. मग टोकाच्या दशा बघा. गाठीच्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे, त्या गालिच्याच्या अंगातून बाहेर आलेल्या असतात. मशीनच्या आणि टफ्टेडच्या दशा नंतर शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या असतात, शिलाई दिसतेच. शेवटी पुढच्या बाजूने लव दोन अंगठ्यांनी फाकवा, अगदी मुळाशी. गाठ असेल तर ताण्याच्या धाग्याला गुंडाळलेला लोकरीचा फास दिसेल. हे बघताना लाजायचं नाही, चांगला दुकानदार स्वतःहून उलटा करून दाखवतो, आणि जो "साहेब पाठ काय बघताय, डिझाइन बघा" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

टफ्टेड वाईटच असतो असं नाही हां. भाड्याच्या घरात राहताय, चार पाच वर्षांसाठीच पाहिजे, तर घ्या की. फक्त टफ्टेडच्या भावात घ्या, गाठीच्या भावात नको. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा, लॅटेक्स उष्णतेने आणि वयाने सुकतो, मग पांढरट भुकटी होऊन फरशीवर पडायला लागते, काही गालिच्यांना तर पहिल्या दिवसापासून रबराचा वास येतो. गाठीचा गालिचा मात्र नीट सांभाळला तर पुढची पिढी वापरते आणि फाटला तरी रफू करता येतो, कारण तो सगळा धागाच आहे, गोंद कुठं नाहीच.

किंमत योग्य आहे का हे कळायला मी एक हिशेब करायला सांगतो, हा हिशेब कुठलाही सेल्समन तुम्हाला करून दाखवणार नाही. गालिच्याची वीण एका चौरस इंचात किती गाठी यावर मोजतात. पाठीवर पट्टी ठेवा, एक इंच आडव्या गाठी मोजा, एक इंच उभ्या मोजा, गुणाकार करा. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या मालावर ५/४०, ९/५४, १२/६० असे आकडे लिहिलेले असतात, त्यात पहिला आकडा ०.९ इंच रुंदीतल्या गाठींचा आणि दुसरा साडेचार इंच लांबीतल्या गाठींचा असतो, म्हणजे ९/५४ म्हणजे इंचाला १० गुणिले १२, एका चौरस इंचात १२० गाठी. ५/४० म्हणजे साधारण ५०. काश्मीरचा चांगला सिल्कचा गालिचा १८ गुणिले १८ म्हणजे ३२४ चा असतो. आता बघा, ४ बाय ६ फुटाचा गालिचा म्हणजे २४ चौरस फूट, म्हणजे ३,४५६ चौरस इंच. १२० ने गुणलं की चार लाख चौदा हजार गाठी. सरावाचा विणकर दिवसाला साधारण सहा ते आठ हजार गाठी मारतो. म्हणजे एका माणसाचे पन्नास ते सत्तर दिवस फक्त गाठी मारण्यात, त्यात लोकर रंगवणं, ताणा लावणं, धुणं, लव कातरणं हे धरलेलंच नाही. तोच आकार ३२४ चा असेल तर अकरा लाखाच्या वर गाठी, पाच सहा महिने. आता कुणी तुम्हाला ४ बाय ६ चा "प्युअर हँड नॉटेड" पाच हजारात देत असेल तर त्या माणसाला रोज किती मजुरी पडली ते तुम्हीच काढा. एक तर तो हाताचा नाही, नाहीतर विणणाऱ्याला काही मिळालेलं नाही, आणि दोन्ही वेळेला तो आपण घेऊ नये. ज्या शहरात घराघरात मागावर मजुरी केलेली माणसं आहेत तिथं हे मला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण नुसत्या गाठींच्या आकड्याच्या मागे पण लागू नका. इराणातल्या हेरिझ भागातले गालिचे जाड विणीचे, मोठ्या कोनाकोनांच्या डिझाइनचे, गाठी कमी, तरी जगभर त्यांना मागणी आहे कारण ते दणकट असतात आणि उठून दिसतात. बारीक फुलांची नक्षी असेल तर गाठी जास्त लागतातच, नाहीतर फूल फुटल्यासारखं दिसतं. भौमितिक डिझाइनला ५०-८० गाठी पण पुरतात. लोकर चांगली असणं हे जास्त महत्त्वाचं, रोज पायाखाली घासून खराब होते ती लोकरच.

नावाचा एक घोळ समजून घ्या. काशान, तबरीझ, नाईन, इस्फहान, कूम ही इराणातल्या गावांची नावं आहेत, पण दुकानात "काशान" म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा काशान डिझाइनचा, विणलेला भदोही-मिर्झापूरला किंवा जयपूरला. यात फसवणूक काही नाही, जोपर्यंत दुकानदार तो इराणी म्हणून इराणी भाव सांगत नाही. म्हणून सरळ विचारायचं, "डिझाइन कुठली ते कळलं, विणला कुठं?" आपल्या देशात हे काम मुघलांच्या काळापासून चालत आलंय. भदोहीच्या हातच्या गालिच्याला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचा माल अशी सरकारी नोंद, मिळाला, काश्मीरच्या गाठीच्या गालिच्याला २०१६ मध्ये. काश्मीरमध्ये विणकरासमोर चित्र नसतं, तालीम नावाची सांकेतिक चिन्हांची पट्टी असते, कुठल्या रंगाच्या किती गाठी ते त्यावर लिहिलेलं असतं आणि एक जण वाचतो, बाकीचे तशा गाठी मारतात. जेकार्ड मागावर डिझाइनसाठी लावतात ते भोकांचं पंचिंग कार्ड बघितलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. इंग्रजांच्या काळात तर आपल्या येरवडा जेलमध्ये पण कैद्यांकडून गालिचे विणून घ्यायचे.

काश्मिरी मालावर आता क्यूआर कोडचं लेबल लागतं, ते मोबाइलने स्कॅन करून बघा. गुडवीव्ह नावाचं लेबल असेल तर त्याचा अर्थ हा माल बालमजुरीशिवाय बनतो यावर बाहेरून तपासणी होते. ही चळवळ कैलाश सत्यार्थींनी १९९४ मध्ये रगमार्क नावाने सुरू केली, नंतर तिचं नाव गुडवीव्ह झालं. सगळ्याच चांगल्या मालावर हे लेबल नसतं, छोट्या विणकरांकडे नसतं बऱ्याचदा, पण असेल तर मी दोन पैसे जास्त देईन.

आता धागा. ताणा बहुतेक सुताचा असतो आणि ते चांगलंच आहे, गालिचा सरळ बसतो. लव लोकरीची. हातात घेऊन मूठ आवळा आणि सोडा, चांगली लोकर परत उभी राहते, हाताला थोडा तेलकट ओलावा जाणवतो. मेलेली, कोरडी, ठिसूळ लोकर हात फिरवला तरी भुरभुर गळते. नवीन गालिच्यातून सुरुवातीला थोडी लोकर निघतेच, त्याला घाबरायचं नाही, पण मूठभर येत असेल तर तो घेऊ नका. सिल्कच्या बाबतीत फार जपून. "बांबू सिल्क", "आर्ट सिल्क", "व्हिस्कोस सिल्क" यात रेशीम नावालाही नसतं. दिसायला चकचकीत मऊ, पण पाणी सांडलं की डाग पिवळा पडतो, लव चिकटून बसते, आणि आपल्या घरात पाहुणे म्हटलं की पाणी आणि चहा आलाच. खात्री करायची असेल तर दुकानदाराला विचारून लवेची दोन तुसं काढा आणि काडी लावा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, व्हिस्कोस आणि सूत कागद जळल्यासारखा वास देतात, आणि सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो. जो खरा माल विकतो तो याला नाही म्हणत नाही.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून पिळून घ्या आणि लाल आणि निळ्या भागावर दहा वीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्या धुण्यातच लाल रंग पांढऱ्यावर पसरणार. एकाच रंगात कुठं गडद कुठं फिका पट्टा दिसला तर तो दोष समजू नका, लोकर थोडी थोडी रंगवली की प्रत्येक घाण्याची छटा वेगळी येते, जाणकार तर अशा गालिच्याला जास्त पसंत करतात. नैसर्गिक रंगांचा, म्हणजे नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाच्या सालीचा असेल तर भाव जास्त सांगतील. डाळिंबाचं नाव ऐकून सांगोल्याच्या माणसाला बरं वाटेल, पण तेवढ्यावर भाव देऊ नका, रुमाल घासून बघाच. आणि "अँटिक" म्हणून विकतात त्यात बरेच नवीन गालिचे केमिकलने किंवा चहाच्या पाण्याने धुवून जुने केलेले असतात. लव फाकवून बघा, वरचं टोक फिकं आणि मुळाशी एकदम भडक रंग असेल तर शंका घ्या, खऱ्या जुन्यात तो बदल हळूहळू उतरत जातो. जुना गालिचा घेताना घडी करून कानाजवळ धरा, कड् असा आवाज आला तर आतला ताणा कुजलाय.

आणि हो, गालिच्याच्या लवेला दिशा असते. एका बाजूने उभं राहिलं तर उजळ दिसतो, दुसऱ्या बाजूने गडद. म्हणून दुकानात चारी बाजूंनी फिरून बघायचा, आणि दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली पसंत करायचा नाही, दारात उजेडात आणायला सांगायचा. दोन्ही टोकांची रुंदी टेपने मोजा, हाताच्या कामात इंच दोन इंच फरक चालतो, पण जमिनीवर टाकल्यावर मध्ये फुगतोय, कोपरे वर येताहेत असा नको.

साइझ ठरवायला घरातल्या चादरीच वापरा. चादर टेपने मोजा, हॉलमध्ये पाहिजे तिथं अंथरा, कमी पडली तर दुसरी जोडा, जास्त झाली तर दुमडा, आणि दोन दिवस तशीच राहू द्या, दार उघडताना अडकतेय का, आजी-आजोबांचा पाय अडखळतोय का कळेल. आपला नेहमीचा १० बाय १२ चा हॉल असेल तर ५ बाय ८ बरा बसतो, सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आणि मागचे फरशीवर. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मधोमध टीपॉयखाली ३ बाय ५ चा तुकडा, तो हरवल्यासारखा दिसतो. चारी बाजूंनी फूटभर तरी फरशी दिसू द्या. शहाबादी असो की व्हिट्रिफाइड, खाली पॅड घ्यायलाच पाहिजे, नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरीचा) किंवा खऱ्या रबराचा, नाहीतर घसरून कुणीतरी पडेल आणि गालिचा पण झिजेल. मेहराबीची कमान असलेली डिझाइन ही नमाजाच्या गालिच्याची असते, ती घ्यायची असेल तर भिंतीवर लावा, दारात पायपुसण्याच्या जागी टाकू नका, एवढा मान ठेवावा.

आता आपल्या हवेचं बोलू. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा लोकरीचा गालिचा कशाला असं घरातले म्हणणारच, आणि बरोबर आहे त्यांचं. मी तर सांगतो मार्च आला की उचला आणि पावसाळा संपला की परत अंथरा, गालिचा पण जास्त टिकतो. उचलताना आधी झाडून, उलटा करून सावलीत वारा द्या, मग गुंडाळा, घडी अजिबात नको, घडीवर ताणा तुटतो. वरून सुती कापड, प्लॅस्टिक नको, आत दमट राहतं. लोकरीला कसर लागते, आणि ती अंधारात, न हललेल्या जागी लागते, म्हणून दर महिन्याला एकदा उलगडून बघायचं. कडुलिंबाचा पाला सुकवून घालतात बरेच जण, घाला, पण उलगडून बघणं चुकवू नका. माळ्यावर भिंतीला टेकवून ठेवला तर वाळवी पण बघायला लागेल.

अंथरलेला असताना धूळ हा मोठा शत्रू. आपल्याकडची धूळ बारीक आणि खरखरीत, ती लवेच्या मुळाशी बसते आणि चालताना लोकर कापते. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम, पण फिरणारा ब्रश बंद करून, आणि दशांवर नाही. व्हॅक्यूम नसेल तर उलटा टाकून पाठीवर हलक्या हाताने थोपटा, धूळ खाली पडते, मग लवेच्या दिशेने मऊ झाडू. पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर पडदा लावा आणि सहा महिन्यांनी दिशा फिरवा, नाहीतर अर्धा फिका होतो. चहा सांडला तर घासायचं नाही, सुती कापड दाबून दाबून टिपायचं, मग थोडं गार पाणी, परत टिपायचं. शेंगा चटणीचं तेल पडलं तर लगेच मैदा किंवा टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. घरी हौदावर ब्रशने घासून धुवू नका, जिथं आठवड्यातून मोजून पाणी येतं तिथं नीट खळबळणं होणारच नाही, साबण आत राहिला की धूळ अजून चिकटते. तीन चार वर्षांतून एकदा गालिचे धुणाऱ्या माणसाकडे द्या, आधी विचारा पूर्ण पाण्यात धुतो का नुसता शॅम्पू फिरवतो.

जिथं रोज भाकरी-भाजीची पंगत बसते, लहान मुलं खेळतात, तिथं मात्र गालिचा टाकू नका, तिथं दरी किंवा सतरंजीच बरी. आणि दरी म्हणजे कमी दर्जाची असं कुणी समजू नये. आपल्या जवळच, धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका जमखाना विणतात, मोराची आणि पटाच्या डावाची नक्षी, त्याला जीआय आहे. वरंगळच्या दऱ्यांना पण आहे. दोन्ही सुती, दोन्ही बाजूंनी वापरता येतात, घरी धुता येतात, आणि आपल्या हवेला जास्त मानवतात. माझं स्पष्ट मत आहे की बजेट वीस हजाराच्या आत असेल तर नकली पर्शियनपेक्षा अस्सल दरी घ्या.

घ्यायचा कुठून, तर होम मैदानावर किंवा हॉलमध्ये प्रदर्शन लागतं तिथं बघायला जरूर जा, हात लावून बघायची सवय होते, पण त्याच दिवशी पैसे देऊ नका. "आज शेवटचा दिवस, सत्तर टक्के सूट" ऐकलं की घरी यायचं. सरकारी हस्तकला एम्पोरियम पुणे-मुंबईत आहेत, तिथं भाव ठरलेला असतो, निदान अंदाज येतो. जुने गालिचे डोळ्याने बघायचे असतील तर विजापूरला गोलघुमटासमोर नगारखान्यातल्या म्युझियममध्ये आहेत, गाडीने दोन अडीच तास. ऑनलाइन घेणार असाल तर पाठीचा फोटो, पाठीवर पट्टी ठेवलेला फोटो आणि दशांचा फोटो मागवा, आणि परत घेण्याची अट आधी वाचा.

पक्कं बिल घ्या आणि बिलावर "हँडमेड" एवढंच लिहू देऊ नका. "हँड नॉटेड" लिहायला लावा, त्यापुढं लव कशाची, ताणा कशाचा, चौरस इंचात गाठी किती, साइझ, आणि कुठं विणला. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर भाव कितीही पाडला तरी उठून यायचं.